हातून सुटलेले पत्र : कचेरीतील माहितीची गळती आणि तिला आळा

टंकलेखन यंत्राच्या काळी मोठ्या कचेरीतून एखादे पत्र बाहेर पडावयाचे म्हणजे ते चार-पाच हातांतून जात असे. साहेब मजकूर सांगत, लघुलेखक तो उतरवून घेई, टंकलेखक कार्बन कागद घालून त्याच्या प्रती काढी, साहेब पुन्हा वाचून सही करीत आणि शेवटी जावक कारकून पाकिटावरील पत्ता व आतील नाव ताडून पाहून नोंदवहीत क्रमांक टाकी. ह्या व्यवस्थेत दिरंगाई पुष्कळ होती आणि लोक तिला नावेही ठेवीत. परंतु तिच्या अंगी एक गुण नकळत आलेला होता. पत्र भलत्याच माणसाच्या हाती पडावयाचे, तर एकाच वेळी अनेकांची नजर चुकावी लागे.

आज ही सारी कामे एकच मनुष्य करतो. मजकूर तोच लिहितो, प्रती तोच ठरवितो, पत्ता तोच घालतो आणि रवानगीही तोच करतो. संगणकाच्या पडद्यावरील एका खुणेवर बोट पडले की पत्र सेकंदाच्या आत समुद्रापलीकडे पोहोचते. वेग वाढला तो इष्टच होय; पण पत्र व जग ह्यांच्यामध्ये पूर्वी ज्या नजरा होत्या त्या नाहीशा झाल्या. कचेऱ्यांतून चुकून होणाऱ्या माहितीच्या गळतीचे मूळ पुष्कळ अंशी ह्या बदलात आहे. चोरांनी कुलपे फोडून नेलेल्या माहितीची चर्चा सर्वत्र होते. कोणाचाही वाईट हेतू नसताना, केवळ नेहमीच्या कामाच्या ओघात, जी माहिती बाहेर पडते तिचा विचार येथे करावयाचा आहे.

आपोआप उमटलेला पत्ता

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी १५ व १६ नोव्हेंबर २०१४ रोजी जी-२० राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद भरली. तिच्या काही दिवस आधी, ७ नोव्हेंबर रोजी, त्या देशाच्या परदेशागमन विभागातील एका कर्मचाऱ्याने एक ईमेल पाठविला. त्यात परिषदेस येणाऱ्या ३१ राष्ट्रनेत्यांची नावे, जन्मतारखा, पारपत्रांचे क्रमांक व प्रवेशपरवान्यांचा तपशील होता. अमेरिकेचे व रशियाचे अध्यक्ष त्या यादीत होते, तसेच भारताचे पंतप्रधानही होते. हा ईमेल गेला तो आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या संयोजन समितीतील एका व्यक्तीकडे.

ह्यात कटकारस्थान काही नव्हते. ईमेल लिहिण्याच्या प्रणालीत एक सोय असते. पत्त्याची पहिली दोन-तीन अक्षरे टंकित केली की पूर्वी वापरलेल्या पत्त्यांपैकी एखादा पत्ता ती स्वतःच पुरा करून देते. त्या दिवशी तिने भलताच पत्ता पुरा केला आणि पाठविणाऱ्याने तो तपासला नाही. काही मिनिटांतच चूक त्याच्या ध्यानात आली. ज्याला तो ईमेल मिळाला त्याने तो पुसून टाकला. परंतु ही हकीकत मार्च २०१५ मध्ये वृत्तपत्रांतून जगासमोर आली, तेव्हा ज्यांची माहिती बाहेर गेली होती त्यांना कळविण्याची आवश्यकता नाही असे त्या विभागाने ठरविले होते, हेही उघड झाले.

पत्त्यातील एका अक्षराच्या फरकानेही असाच घोटाळा होतो. अमेरिकी सैन्यदलाचे ईमेल-पत्ते ‘एम-आय-एल’ ह्या तीन अक्षरांनी संपतात. पश्चिम आफ्रिकेतील माली देशाला मिळालेली अक्षरे ‘एम-एल’ अशी दोनच आहेत. मधले ‘आय’ टंकित करावयाचे राहून गेले की सैन्याचे पत्र मालीच्या वाटेने जाते. जुलै २०२३ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, त्या वर्षाच्या केवळ पहिल्या काही महिन्यांत अशा वाट चुकलेल्या ईमेलांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. त्यांत वैद्यकीय कागद होते, प्रवासाचे बेत होते, तळांचे नकाशेही होते.

पाकीट आणि आतील कागद

चुकीचा दुसरा प्रकार समजण्यासाठी ईमेल कसा जातो हे थोडे पाहावयास हवे. १९८२ साली ज्या नियमावलीने ईमेलच्या वाहतुकीची रीत निश्चित केली, ती टपालाच्या रीतीशी बरीच मिळतीजुळती आहे. पाठविणारा संगणक टपाल-संगणकाला प्रथम सांगतो, “हे पत्र अमुक अमुक पत्त्यांवर पोचवावयाचे आहे.” हे झाले पाकीट. त्यानंतर तो पत्राचा मजकूर देतो, आणि त्या मजकुराच्या शिरोभागी ‘कोणाकडून’, ‘कोणास’, ‘प्रत’ अशा ओळी असतात. हा झाला आतील कागद. टपाल-संगणक पाकिटावरील पत्ते पाहून पत्र पोचवितो. पत्र घेणाऱ्याला मात्र आतील कागद दिसतो.

‘सीसी’ ही आद्याक्षरे कार्बन-प्रत ह्या जुन्या शब्दावरून आलेली आहेत. सीसीच्या रकान्यात घातलेली नावे पाकिटावरही जातात आणि आतील कागदावरही उमटतात. ‘बीसीसी’च्या रकान्यातील नावे केवळ पाकिटावर जातात. म्हणून पाचशे लोकांना एकच सूचना बीसीसीने पाठविली तर प्रत्येकाला ती मिळते, पण इतर चारशे नव्याण्णव कोण हे कोणाला कळत नाही. तीच नावे ‘कोणास’ ह्या रकान्यात पडली तर पाचशेही जणांच्या हाती सर्वांची यादी जाते. पडद्यावर हे दोन रकाने एकमेकांशेजारी, अर्ध्या बोटाच्या अंतरावर असतात.

एवढ्याशा अंतराची किंमत किती असते ते लंडनमधील एका आरोग्यकेंद्राच्या उदाहरणावरून दिसले. त्या केंद्रातर्फे एच.आय.व्ही.विषयक सेवा घेणाऱ्यांसाठी एक वार्तापत्र निघत असे. सप्टेंबर २०१५ मध्ये ते ७८१ जणांना पाठविताना सर्व पत्ते उघड्या रकान्यात पडले. त्यांपैकी ७३० पत्त्यांत माणसांची पूर्ण नावे होती. जी गोष्ट अनेकांनी घरच्या माणसांनाही सांगितली नव्हती ती अनोळखी शेकडो लोकांपुढे गेली. पुढल्या वर्षी त्या संस्थेला एक लाख ऐंशी हजार पौंड दंड झाला.

ह्याहून गंभीर प्रसंग सप्टेंबर २०२१ मध्ये घडला. अफगाणिस्तानात तालिबानची सत्ता पुन्हा येऊन जेमतेम महिना लोटला होता. ब्रिटिश फौजांसाठी दुभाषाचे व तत्सम काम केलेले जे अफगाण नागरिक देशाबाहेर पडण्याच्या खटपटीत होते, त्यांपैकी २४५ जणांना ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने एकच ईमेल पाठविला, आणि सर्वांचे पत्ते सर्वांना दिसले. काही पत्त्यांसोबत छायाचित्रेही होती. ईमेल मिळालेल्यांपैकी काहींनी सर्वांनाच उत्तरे धाडली. एका उत्तरात तर लपून राहण्याचे ठिकाण होते. त्यांपैकी एकाचाही फोन शत्रूच्या हाती पडता तर इतर सर्वांचा ठावठिकाणा लागावयास वेळ लागला नसता. डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाला साडेतीन लाख पौंड दंड ठोठावण्यात आला.

दिसत नाही, पण आहे

तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. कागदावर जे दिसते तेवढेच त्यावर असते, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. संगणकाच्या फाइलीला तो लागू पडत नाही. एक्सेलसारख्या तक्त्यांच्या फाइलीत ओळी, रकाने किंवा संपूर्ण पाने ‘लपविता’ येतात. लपविणे म्हणजे पुसणे नव्हे. माहिती फाइलीत जशीच्या तशी राहते, केवळ पडद्यावर दाखविली जात नाही. मोठ्या तक्त्यावरून काढलेल्या गोषवाऱ्याच्या पोटातही पुष्कळदा मूळ तक्त्याची संपूर्ण नक्कल असते.

उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाकडे २०२३ साली एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली साधा प्रश्न विचारला. कोणत्या हुद्द्यावर किती माणसे आहेत, एवढीच माहिती त्याला हवी होती. उत्तरादाखल आकड्यांचा तक्ता ८ ऑगस्ट रोजी एका सार्वजनिक संकेतस्थळावर आला. त्या फाइलीत एक लपलेले पान होते. त्यावर दलातील ९,४८३ अधिकारी व कर्मचारी ह्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे व कामाची ठिकाणे होती. तीन तासांच्या आत फाइल काढून घेण्यात आली. पण ती बंडखोर गटांच्या हाती पडली असे मानूनच चालावे लागेल, असे पोलीस दलाने पुढे सांगितले. ज्या प्रदेशात पोलिसांवर हल्ले होत आलेले आहेत आणि जेथे कित्येक पोलीस आपला व्यवसाय शेजाऱ्यांपासूनही लपवितात, तेथे ह्याचा अर्थ काय हे सांगावयास नको. काहींना घरे बदलावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दलाला साडेसात लाख पौंड दंड झाला.

ब्रिटनमध्येच फेब्रुवारी २०२२ मध्ये घडलेली एक घटना तीन वर्षांहून अधिक काळ गुप्त राहिली. संरक्षण मंत्रालयातील एका व्यक्तीने सुमारे दीडशे नोंदी आहेत अशा समजुतीने एक तक्ता बाहेर पाठविला. प्रत्यक्षात त्यात सुमारे ३३,००० ओळी होत्या, आणि त्यांत देशत्यागासाठी अर्ज केलेल्या जवळजवळ १९,००० अफगाणांचा तपशील होता. त्यातील काही भाग ऑगस्ट २०२३ मध्ये समाजमाध्यमावर दिसला तेव्हा कोठे मंत्रालयाला चूक कळली. पुढे न्यायालयाच्या आदेशाने ह्या विषयाचा उच्चारही करण्यास मनाई झाली. ती जुलै २०२५ मध्ये उठली. मधल्या काळात हजारो माणसांना गुप्तपणे देशाबाहेर काढण्याची योजना सरकारला आखावी लागली.

मजकुरावर काळी पट्टी ओढण्याची गोष्टही अशीच आहे. कागदावर शाई फासली की अक्षर झाकते. संगणकावर काढलेली काळी चौकट ही पुष्कळदा अक्षरांवर ठेवलेले केवळ एक चित्र असते, खालची अक्षरे शाबूत राहतात. मार्च २००५ मध्ये बगदादजवळ अमेरिकी सैनिकांच्या गोळीबारात इटलीचा एक गुप्तचर अधिकारी मारला गेला. त्याविषयीचा अमेरिकी लष्कराचा अहवाल काळ्या पट्ट्या ओढून प्रसिद्ध झाला, तेव्हा इटालियन वाचकांनी मजकूर उचलून दुसऱ्या फाइलीत नेला आणि पट्ट्यांखालची नावे सरळ वाचली.

अनुभवी हातच का घसरतो

अशा प्रसंगांनंतर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द सर्वांच्या तोंडी येतो. परंतु मानवी चुकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचे मत वेगळे आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन ह्यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चुकांचे प्रकार पाडले. काही चुकांत बेतच चुकलेला असतो. दुसऱ्या काही चुकांत बेत बरोबर असतो, पण हात भलतीकडे जातो. त्यांना ‘घसरण’ म्हणता येईल. घसरणीचे वैशिष्ट्य असे की ती नवशिक्यापेक्षा सरावलेल्या माणसाकडूनच अधिक संभवते. नवशिका प्रत्येक अक्षर पाहून टंकित करतो. सरावलेल्या माणसाचे हात आपोआप चालतात व मन पुढच्या कामात असते. रोजच्या वाटेने जाणारा मनुष्य सुटीच्या दिवशी निराळ्या कामासाठी निघूनही कचेरीच्याच वळणावर वळतो, तशातलाच हा प्रकार आहे.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ‘काळजी घ्या’ असे फलक लावून किंवा परिपत्रके काढून घसरणी थांबत नाहीत. कारण घसरतेवेळी मनुष्य त्या कामाकडे पाहतच नसतो. त्याची नजर परत कामाकडे वळविणारा अडथळा वाटेत असावा लागतो. रीझन ह्यांनी अशा अडथळ्यांना भोके असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली. प्रत्येक चकतीला भोके असतातच. पण अनेक चकत्या एकापुढे एक ठेवल्या तर सर्वांची भोके एका रेषेत येणे दुर्मिळ होते. समजा, एक अडथळा दहांतून एकदा निकामी ठरतो. परस्परांवर अवलंबून नसलेले असे तीन अडथळे ठेवले तर हजारांतून एकदाच चूक पार होईल. मात्र तिन्ही ठिकाणी तोच थकलेला मनुष्य तपासणी करीत असेल तर हा हिशेब लागू पडणार नाही.

यंत्राचा पहारा

बाहेर जाणारा प्रत्येक ईमेल वाचून त्यात नाजूक माहिती आहे काय हे पाहणाऱ्या प्रणाली आता अनेक बँका, रुग्णालये व कचेऱ्या वापरतात. त्या ‘डी.एल.पी.’ ह्या आद्याक्षरांनी ओळखल्या जातात. यंत्राला मजकुराचा अर्थ माणसाप्रमाणे कळत नाही, तरीही ते हे कसे ओळखते?

पहिली खूण म्हणजे आकृतिबंध. भारतातील पॅन क्रमांकात आधी पाच रोमन अक्षरे, मग चार अंक व शेवटी एक अक्षर असते. बँकशाखेच्या आयएफएससी संकेतात चार अक्षरे, मग एक शून्य व त्यापुढे सहा चिन्हे असतात. आधार क्रमांक बारा अंकी असून त्याचा पहिला अंक ० किंवा १ नसतो. असा साचा दिसला की यंत्र थबकते. पण बारा अंकी आकडा हा मालाच्या पावतीचाही क्रमांक असू शकेल. म्हणून दुसरी खूण उपयोगी पडते; ती तपासणी-अंकाची होय.

जर्मनीत जन्मलेले व अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत काम करणारे अभियंते हान्स पीटर लून ह्यांनी १९५४ साली एका युक्तीच्या एकस्वासाठी अर्ज केला. ते एकस्व १९६० मध्ये मिळाले. जगभरच्या बँकांच्या कार्डांवरील क्रमांक आजही ह्या युक्तीने तपासले जातात. ३८१६ हा आकडा घ्या. त्याच्या उजवीकडे तपासणी-अंक जोडावयाचा आहे. उजवीकडून आरंभ करून एक सोडून एक अंक दुप्पट करावयाचा, व दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यावयाची. ६ ची दुप्पट १२, म्हणजे ३, पुढचा १ तसाच, ८ ची दुप्पट १६, म्हणजे ७, ३ तसाच. बेरीज १४ झाली. ती दहाच्या पटीत यावी म्हणून ६ हवेत. तेव्हा पूर्ण आकडा ३८१६६ असा झाला. आता कोणी चुकून ३१८६६ लिहिले तर बेरीज २२ येते व चूक उघडी पडते. विद्यार्थ्यांनी हा हिशेब कागदावर करून पाहावा.

लून ह्यांच्या युक्तीत एक उणीव आहे. शेजारच्या ० व ९ ह्या अंकांची अदलाबदल तिला ओळखता येत नाही. नेदरलँड्सचे गणितज्ञ याकोबस व्हेरहूफ ह्यांनी १९६९ साली ही उणीव दूर करणारी रीत प्रसिद्ध केली. नियमित पंचकोन फिरविण्याच्या व उलटविण्याच्या मिळून दहा क्रिया असतात. त्यांच्या गणितावर ती उभारलेली आहे. तिला एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोन अंकांची कोणतीही अदलाबदल सापडते. आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा अंक ह्याच रीतीने काढलेला असतो. वाटेल तो आकडा ह्या कसोटीस उतरण्याचा संभव दहांत एक. म्हणजे केवळ साच्यावर विसंबून जितक्या खोट्या सूचना मिळाल्या असत्या त्यांपैकी नऊ-दशांश ह्या एका कसोटीने गळतात.

मराठी, हिंदी व अन्य भारतीय भाषांतून चालणाऱ्या कचेऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. संगणकाच्या लेखी ‘५’ हा देवनागरी अंक आणि रोमन लिपीतील पाचाचा अंक ही दोन निरनिराळी चिन्हे आहेत. केवळ रोमन अंक शोधावयास शिकविलेला पहारेकरी देवनागरीत लिहिलेला खाते क्रमांक सुखेनैव जाऊ देईल. म्हणून तपासणीपूर्वी सर्व लिप्यांतील अंक एका रूपात आणून घेणे आवश्यक असते.

तिसरी खूण ठशाची. काही कागदांत क्रमांक नसतात, पण संपूर्ण मजकूरच गोपनीय असतो. अशा मजकुरापासून गणिती क्रियेने एक ठरावीक लांबीचा आकडा काढतात. त्याला हॅश म्हणतात. एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा पार बदलतो, आणि आकड्यावरून मूळ मजकूर परत काढता येत नाही. त्यामुळे पहारेकऱ्याला गुपित न सांगता गुपिताचा ठसा देता येतो. मात्र मजकुरात किंचित फेरफार केल्यास ठसा जुळणार नाही. ह्यावर तोड अशी की मजकुराचे छोटे, एकमेकांवर चढणारे तुकडे पाडून प्रत्येकाचा ठसा घ्यावयाचा. ‘प्रस्तावित वेतनवाढीचा तपशील पुढील बैठकीपर्यंत गुप्त ठेवावा’ ह्या सात शब्दांच्या वाक्यातून तीन-तीन शब्दांचे पाच तुकडे पडतात. ‘तपशील’ हा शब्द बदलला तर पहिले तीन तुकडे बदलतील, शेवटचे दोन तसेच राहतील, आणि त्यांवरून यंत्राला नक्कल ओळखता येईल.

खोट्या हाकांचा प्रश्न

पहारेकरी जितका कडक तितका बरा, असे प्रथमदर्शनी वाटते. थोडे गणित केले असता ह्या समजुतीतील धोका दिसून येतो. समजा, एका संस्थेतून दररोज १०,००० ईमेल जातात व त्यांपैकी १० मध्ये खरोखर नाजूक माहिती असते. यंत्र त्या दहांतील ९ पकडते, आणि उरलेल्या ९,९९० पैकी केवळ शंभरात एका ईमेलवर विनाकारण हाक मारते. हे यंत्र उत्तमच म्हणावयाचे. तरीही दिवसाला सुमारे १०० खोट्या हाका व ९ खऱ्या हाका होतील. म्हणजे बारा हाकांत एक खरी. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. ‘खात्री आहे काय?’ हा प्रश्न पडद्यावर दिवसातून वीस वेळा आला की बोट न वाचताच ‘होय’वर पडते, आणि हा अडथळाही सरावाचा भाग बनतो.

म्हणून विचारावयाचे ते मोजक्या वेळी आणि नेमके विचारावे. ‘हा पत्ता आपल्या संस्थेबाहेरचा आहे व ह्या व्यक्तीला आपण पूर्वी कधी पत्र पाठविलेले नाही’, किंवा ‘ह्या फाइलीत एक लपलेले पान आहे’, असे स्पष्ट वाक्य माणसाचे लक्ष वेधते.

कचेरीत काय करता येईल

पुष्कळसे उपाय खर्चाचे नाहीत. सर्वांत सोपा उपाय म्हणजे थोडा विलंब. ईमेल एकदा दुसऱ्या संस्थेच्या टपाल-संगणकाने स्वीकारला की तो परत आणता येत नाही. ‘परत बोलावण्याची’ सोय बहुधा आपल्याच संस्थेच्या आत उपयोगी पडते. पण पाठविण्याची खूण दाबल्यावरही ईमेल काही काळ आपल्याच दारात रोखून धरता येतो. जीमेलमध्ये ही मुदत ३० सेकंदांपर्यंत ठेवता येते, इतर काही प्रणालींत ती मिनिटांतही ठरविता येते. घसरण पुष्कळदा बोट उचलताक्षणीच ध्यानात येते. तेवढ्या अवधीत ती सुधारता येते. पत्ता आपोआप पुरा करण्याची सोय गोपनीय काम करणाऱ्या विभागांत बंद ठेवता येते. शेकडो लोकांना पत्र धाडावयाचे असेल तेव्हा बीसीसीच्या रकान्यावर विसंबू नये. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र पाठविणारी सोय वापरावी. रकाना चुकण्याचा संभवच त्यामुळे राहत नाही.

तक्ता बाहेर पाठविताना मूळ फाइल पाठवू नये. मागितले तेवढेच आकडे नव्या, कोऱ्या फाइलीत उतरवावेत व तीच द्यावी. काळी पट्टी ओढण्याऐवजी नको असलेला मजकूर प्रथम पुसावा आणि मग नवी फाइल तयार करावी. शक्य तेथे फाइल जोडण्याऐवजी ती संस्थेच्याच संगणकावर ठेवून केवळ दुवा पाठवावा. चूक झाली तर दुव्याचे दार लावून घेता येते. ओळखीपुरता आधार द्यावयाचा असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. ती अधिकृतरीत्या मिळते. शाळेच्या गुणपत्रकांपासून वाचनालयाच्या सभासदांच्या यादीपर्यंत सर्व ठिकाणी हाच नियम चालेल : कामास लागेल त्याहून अधिक माहिती पत्रात घालू नये. जी माहिती पत्रात नाही ती चुकीच्या पत्त्यावर जाऊनही फुटणार नाही.

मोठ्या याद्या व अतिशय नाजूक कागद ह्यांच्यासाठी जुन्या जावक कारकुनाची परंपरा पुन्हा सुरू करण्याजोगी आहे. लिहिणाराहून वेगळ्या माणसाने फाइल उघडून पाहिल्याशिवाय ती बाहेर जाऊ नये. त्या दुसऱ्या माणसाने केवळ ‘पाहिले’ असा शेरा मारू नये. पत्ता मोठ्याने वाचावा, फाइलीतील पाने मोजावीत, लपलेल्या ओळी उघडाव्यात.

आता कामाची बोलणी ईमेलबाहेरही होतात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी येमेनवरील हल्ल्यांच्या चर्चेसाठी केलेल्या सिग्नलवरील एका गटात एका मासिकाचे संपादक चुकून सामील झाले, आणि हल्ल्याची वेळ त्यांना आधी कळली. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग कंपनीतील काही कर्मचाऱ्यांनी २०२३ साली कंपनीची गोपनीय आज्ञावली मदतीसाठी एका संभाषणयंत्राला दिली. त्यानंतर कंपनीने अशा यंत्रांच्या वापरावर बंदी घातली. साधन कोणतेही असो, लिहिलेला मजकूर कोणाकोणापर्यंत पोहोचणार हा प्रश्न पाठविण्यापूर्वीच विचारावा लागतो.

चूक झाल्यावर

एवढे करूनही चुका होणारच. मग पहिला तास मोलाचा ठरतो. चुकीच्या हाती पत्र गेल्याचे लगेच कळले तर ते पुसण्याची विनंती करता येते, दुवा बंद करता येतो, संकेतशब्द बदलता येतात आणि ज्यांना धोका आहे त्यांना सावध करता येते. अफगाण यादीची चूक फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली व ऑगस्ट २०२३ मध्ये कळली. मधले दीड वर्ष ज्यांची नावे तीत होती त्यांपैकी कोणालाही सावध होण्याची संधी नव्हती.

भारतात ‘सर्ट-इन’ ह्या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार माहितीच्या गळतीसारख्या घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवावयाच्या असतात. संसदेने २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. ह्या कायद्याच्या व्याख्येत माहिती ‘अपघाताने उघड होणे’ हाही भंगच मानला आहे, आणि योग्य खबरदारी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

परंतु चूक प्रथम ज्याला दिसते तो बहुधा ती करणारा मनुष्यच असतो. ‘हे माझ्या हातून झाले’ असे त्याने तत्काळ सांगितले तर पुढचे सर्व उपाय शक्य होतात. सांगितल्याबरोबर नोकरी जाईल असे भय असेल, तर तो गप्प राहील आणि कोणाच्या ध्यानात येऊ नये अशी प्रार्थना करीत बसेल. ज्या संस्थेत चूक कबूल करणाऱ्याला आधी मदत मिळते आणि चौकशी मग होते, तेथे गळती लवकर सापडते. असे वातावरण निर्माण करणे हे वरिष्ठांचे काम होय. त्यासाठी यंत्र विकत घ्यावे लागत नाही, व त्यावाचून घेतलेली यंत्रे फारशी उपयोगी पडत नाहीत.